पियानोची पहिली दोन वर्षे

पाच ते आठ वर्षांच्या मुलाला पियानो शिकवताना शिक्षकाच्या हाताशी वेळ फार थोडा असतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास, आणि त्यातही मूल एका गोष्टीवर टिकते ते पाच-सात मिनिटे. पाय जमिनीला टेकत नाहीत, करंगळीत जोर नसतो, अनामिका शेजारणीला सोडून एकटी उठत नाही आणि अक्षरओळखही नुकती कुठे झालेली असते. अशा मुलापुढे पहिल्याच दिवशी पाच रेघांचे पुस्तक उघडले की त्याच्यावर एकदम चार कामे पडतात. खूण ओळखायची, तिचे नाव आठवायचे, पट्टी शोधायची आणि तिच्यावर बरोबर बोट टेकायचे. या गडबडीत वाजलेला स्वर ऐकायचा राहून जातो. सुरुवातीच्या काळातले खेळ आणि साधने ही चारही कामे सुटी करतात, हाच त्यांचा उपयोग. आधी कान, मग अंग, मग हात आणि सर्वांत शेवटी डोळा हा क्रम ज्या खेळाने राखला जातो तो कामाचा. बाकीचे रंगीत कागद दुकानातच बरे.

हा क्रम सर्वांनाच पटत होता असे नाही. योहान बर्नहार्ड लोगिए या शिक्षकाने १८१४ मध्ये डब्लिनमध्ये ‘कायरोप्लास्ट’ नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. पट्ट्यांसमोर दोन आडव्या दांड्या बसवायच्या, त्यांत मनगटे अडकवायची आणि बोटांसाठी ठरलेले कप्पे ठेवायचे, अशी ही योजना होती. हाताने वाकडे जाऊच नये, एवढाच हेतू. यंत्र काही वर्षे चांगले खपले. त्याच्या जवळजवळ शतकभर आधी, १७२० मध्ये, योहान सेबास्टियन बाख यांनी आपला नऊ वर्षांचा मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठी एक वही घातली होती. तिच्या सुरुवातीला स्वरलेखनाच्या खुणा, अलंकारांचा तक्ता आणि बोटे कशी घालायची हे दाखवणारा एक छोटा तुकडा आहे. लगेच पुढे खरे संगीत सुरू होते, आणि पुढच्या पानांत मुलाच्या स्वतःच्या रचनाही आहेत. लोगिएने हात बांधला, बाखने मुलाला वहीत जागा दिली. आजचे बहुतेक चांगले शिक्षक वहीच्या बाजूचे आहेत.

वाजवण्याआधी बसण्याची सोय पाहावी लागते. पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते आणि एक सप्तक साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास भरते. हे माप मोठ्यांच्या हाताचे आहे. लहान मुलाला सप्तक गाठायला लावू नये. पाच बोटे पाच शेजारच्या पट्ट्यांवर बसली की पहिले वर्ष निभते. कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल इतके उंच बसवावे आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली घरातला पाट सरकवावा. पाय टेकलेले नसले की मूल खांद्यांनी तोल सांभाळते, आणि तो ताठपणा थेट बोटांत उतरतो.

पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. मोठ्या माणसालाही पहिल्यांदा हे रान वाटते. वाट सापडते ती काळ्या पट्ट्यांमुळे, कारण त्या दोन-दोन आणि तीन-तीनच्या गटांत बसलेल्या असतात. पहिल्या तासाचा खेळ एवढाच असतो: मुठीतली खोडरबरे काढून प्रत्येक जोडीवर एक ठेवत जायचे, मग डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने तिकडी शोधायची. नाणी किंवा मणी वापरू नयेत. ते फटीतून आत जातात आणि मग दुरुस्तीवाल्याला बोलवावे लागते.

ज्या घरात हार्मोनियम आहे तिथले मूल हा नकाशा अर्धा शिकूनच आलेले असते. पेटीवाल्यांच्या बोलण्यात जोडीच्या डावीकडची पांढरी पट्टी ‘पांढरी एक’, जोडी म्हणजे काळी एक आणि काळी दोन, तिकडी म्हणजे काळी तीन, चार आणि पाच. पाश्चात्त्य पुस्तकातला ‘सी’ हाच पांढरी एक. आजोबा काळी एकमध्ये गातात आणि आई काळी चारमध्ये, हे ज्याने ऐकले आहे त्याला ‘सी शार्प’ आणि ‘जी शार्प’ परके वाटायचे कारण नाही. पेटीवर डावा हात भात्यावर अडकलेला असतो, म्हणून पियानोवर येताच डाव्या हाताला स्वतंत्र काम द्यावे लागते. इथे बोटांच्या क्रमांकांचा गोंधळ होतो. दोन्ही हातांत अंगठा एक आणि करंगळी पाच, म्हणजे डाव्या हाताचे आकडे उजवीकडून डावीकडे वाढतात. वहीवर पंजे काढून आकडे लिहिण्याची पद्धत जुनी आहे. त्याहून सोपा उपाय नमस्काराचा. हात जोडले की एकाच क्रमांकाची बोटे समोरासमोर येतात. शिक्षकाने ‘तीन’ म्हटले की मधली दोन बोटे एकमेकांवर टकटक करतात, ‘चार’ म्हटले की अनामिका अडखळतात. मुले हसतात आणि कोणते बोट दुबळे आहे हे शिक्षकाला न विचारता कळते.

पहिली धून काळ्या पट्ट्यांवर बसवावी, असे सांगणारे शिक्षक बरेच आहेत. याला हाताच्या रचनेचा आधार आहे. शोपँ यांनी आपल्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणपद्धतीच्या टिपणांत हाताची जागा अशी सांगितली होती की मधली तीन लांब बोटे काळ्या तिकडीवर पडावीत आणि अंगठा व करंगळी शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यांवर. लांब बोटांना उंच जागा मिळाली की पंजा आपोआप गोल होतो. दुसरे कारण कानाचे. पाच काळ्या पट्ट्यांत शेजारशेजारचे दोन अर्धस्वर कुठेच येत नाहीत, त्यामुळे मुलाने काहीही वाजवले तरी कर्कश लागत नाही. चुकण्याची भीती नसलेली ही एवढी एकच जागा पियानोवर आहे.

मराठी कानाला या पाच पट्ट्यांत आणखी एक खजिना सापडतो, आणि पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत तो नाही. काळी तीनला सा मानले आणि फक्त काळ्या पट्ट्यांवरून वर गेले की सा रे ग प ध मिळतात, म्हणजे भूप. पट्ट्या त्याच ठेवून सा तेवढा हलवायचा. काळी एक हा सा धरला की सा रे म प ध, म्हणजे दुर्गा. काळी दोनवरून कोमल गंधार आणि कोमल निषादाची धानी मिळते, काळी चारवरून सा रे म प आणि कोमल नी, म्हणजे मधमाद सारंग. काळी पाचवरून गंधार, धैवत आणि निषाद तिन्ही कोमल पडतात आणि मालकंस उभा राहतो. आपल्याकडे याला मूर्च्छनाभेद म्हणतात. सहा वर्षांच्या मुलाला शब्द सांगायची गरज नाही. शिक्षकाने खालच्या सप्तकात सा आणि पंचम तानपुऱ्यासारखा धरायचा आणि मुलाने वर मन मानेल तसे फिरायचे. दर दोन-तीन मिनिटांनी शिक्षक खालचा आधार बदलतो. मालकंसात पंचम नसल्यामुळे तिथे काळी पाचबरोबर काळी दोन, म्हणजे मध्यम धरावा लागतो. मुलाची बोटे त्याच पाच पट्ट्यांवर असतात आणि तरी सगळी हवा बदलते. मूल थबकून वर बघते, तेव्हा सा म्हणजे काय हे व्याख्येवाचून समजलेले असते. हे नुसते स्वरसमूह आहेत हे शिक्षकाने स्वतः विसरू नये. पियानोवर मींड निघत नाही आणि आरोह-अवरोहाने राग पुरा होत नाही.

या मोकळ्या फिरण्याला हळूहळू बंधने घालत गेले की त्यातून रचना तयार होते. आज फक्त तीन स्वर वापरायचे. आज शेवट सा वरच करायचा. शिक्षकाने चार मात्रांचा प्रश्न वाजवायचा आणि मुलाने चार मात्रांत उत्तर द्यायचे. उत्तर आवडले तर ते वहीत उतरवायचे, वाटल्यास नुसत्या वरखाली जाणाऱ्या ठिपक्यांनी. स्वतःची धून वहीत पाहिलेले मूल दुसऱ्याच्या धुनीची खूणही लवकर वाचते.

लय बोटांनी शिकता येत नाही, ती चालण्यातून येते. जिनिव्हाच्या संगीतशाळेत शिकवणाऱ्या एमिल जाक-डालक्रोझ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच अनुभवावरून आपली पद्धत बांधली. शिक्षक वाजवतो आणि मुले त्या गतीने चालतात, धावतात, थांबतात. हंगेरीत झोल्तान कोडाय यांच्या अनुयायांनी मात्रांना उच्चार दिले. एका मात्रेला ‘ता’, तिच्या दोन भागांना ‘ती-ती’. मुंबईत मेहली मेहता म्युझिक फाउंडेशनच्या मुलांच्या वर्गांत कोडाय पद्धत वापरली जाते. मराठी मुलांना याहून जवळचे शब्द सापडतात. ‘बोर’ म्हणजे एक मात्रा, ‘आंबा’ म्हणजे तिचे दोन समान भाग, ‘अननस’ म्हणजे तीन, ‘फणसपोळी’ म्हणजे चार. टाळी सारखी ठेवून बोर-आंबा-आंबा-बोर म्हणायचे, मग तेच एका पट्टीवर वाजवायचे. चार चिठ्ठ्या उलट्या टाकून येईल त्या क्रमाने वाजवणे हा मुलांचा आवडता प्रकार, कारण ‘फणसपोळी’ची चिठ्ठी निघाली की पंचाईत होते. तीन मात्रांच्या चालीसाठी दादऱ्याचा ठेका तोंडाने म्हणून डोलणे पुरते. छोट्या फ्लॅटमध्ये चालायला जागा नसली तर जागच्या जागी पावले टाकावीत. शेजाऱ्यांना टाळ्यांपेक्षा ती बरी.

आता डोळ्याचे काम. स्वरवाचनाच्या पुस्तकांत भारतात बराच काळ वर्चस्व राहिले ते जॉन थॉम्प्सन यांचे. ‘टीचिंग लिटल फिंगर्स टू प्ले’ हे त्यांचे पातळ पुस्तक १९३६ चे, आणि मुंबईत धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानापासून गोव्यातल्या घरांपर्यंत ते पोहोचलेले आहे. त्यात दोन्ही अंगठे मधल्या सी वर ठेवून दोन्ही दिशांना एकेक स्वर वाढवत नेतात. पद्धत सुटसुटीत आहे. तिचा दोष असा की मूल स्वर वाचायचे सोडून बोटाचा आकडा वाचू लागते. हात जरा सरकवला की त्याला काहीच ओळखू येत नाही. अमेरिकेत फ्रान्सिस क्लार्क यांनी १९५० च्या दशकात दुसरी वाट घातली. काही ठळक स्वर पक्के ओळखायचे, खालच्या चिन्हाचा एफ, मधला सी आणि वरच्या चिन्हाचा जी, आणि तिथून पुढचा स्वर शेजारी आहे की एक सोडून, एवढेच पाहायचे. सुरुवात रेघांशिवायच होते. काळे ठिपके नुसते वर किंवा खाली जातात, मग एक रेघ येते, मग दोन. रेघांवरच्या स्वरांसाठी वाक्ये पाठ करवण्याची चाल अजून आहे, पण ती खेळ बिघडवते. प्रत्येक स्वरासाठी मनात वाक्य म्हणणारे मूल वाजवताना सतत मागे पडते.

रेघा समजवायला जमीन सर्वांत चांगली. चिकटपट्टीने किंवा खडूने अकरा रेघा आखायच्या, मुलांना त्यांवर उभे करायचे आणि मग मधली, सहावी रेघ पुसून टाकायची. वर पाच राहतात, खाली पाच, आणि पुसलेल्या रेघेच्या जागी मधला सी. तो दोन्हीकडे छोटीशी रेघ घेऊन का येतो हे यानंतर सांगावे लागत नाही. मग त्यावर लंगडी. रेघेवरून घरात म्हणजे शेजारचा स्वर, रेघेवरून रेघेवर म्हणजे एक सोडून. चिंचोक्यांची पिशवी फेकून ती पडेल तो स्वर ओळखण्याचा खेळही चालतो, मात्र दर फेकीनंतर मुलाने पियानोपाशी जाऊन तो स्वर वाजवला पाहिजे. वाजवणे गाळले तर ती नुसती लंगडी होते.

आपल्याकडे एक खास अडचण येते. पद्धतशीर पुस्तके बहुधा अमेरिकी असतात आणि परीक्षा ब्रिटिश. पुस्तकात ‘क्वार्टर नोट’ असते, परीक्षेच्या तयारीत तिलाच ‘क्रॉचेट’ म्हणतात. ‘हाफ नोट’चे ‘मिनिम’ होते. लहान मुलाने आधी एकच नावमालिका शिकावी, आणि दुसरी मालिका परीक्षा जवळ आल्यावर. तोवर बोर आणि आंबा चालतात.

पियानोची स्वतःची गंमत मुलांना पुरेशी दाखवली जात नाही. उभ्या पियानोचे वरचे फळकूट निघते. उजवे पेडल दाबले की सगळे दाबक तारांवरून एकदम उठतात, हे मुलाने एकदा डोळ्यांनी पाहावे. पेडल दाबून तारांमध्ये ‘हो’ अशी हाक मारली तर तारा तेच परत म्हणतात. दुसरा प्रयोग याहून नाजूक आहे. मधल्या सप्तकातल्या सी, ई आणि जी या तीन पट्ट्या आवाज न करता हळूच दाबून धरायच्या आणि खालचा सी जोरात वाजवून सोडायचा. न वाजवलेले तीन स्वर बारीक घुमत राहतात. बेला बार्टोक यांच्या ‘मिक्रोकॉस्मोस’मधला १०२ वा तुकडा याच अनुनादावर रचलेला आहे. हंगेरीचेच ग्यॉर्ग कुर्ताग यांनी १९७३ पासून ‘यातेकोक’ म्हणजे ‘खेळ’ या नावाने तुकडे लिहायला घेतले. त्यात मुलाने तळहाताने पट्ट्या दाबाव्यात, कोपर टेकावे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट घसरवावे, अशा जागा आहेत. पहिल्या दिवसापासून पाच पट्ट्यांच्या चौकटीत अडकलेल्या मुलाला अख्खे वाद्य हाती देणारा दुसरा संगीतकार क्वचितच सापडेल.

एकट्याने वाजवलेली पाच स्वरांची धून पातळ वाटते. खाली शिक्षकाची साथ आली की तीच भरते आणि मुलाला थांबता येत नाही, हा त्यातला खरा फायदा. आंटोन डिआबेली यांच्या १४९ क्रमांकाच्या संग्रहातल्या चार हातांच्या २८ तुकड्यांत शिष्याची बाजू पाच स्वरांतच राहते. स्त्राव्हिन्स्की यांनीही पहिल्या महायुद्धाच्या काळात एक बाजू सोपी ठेवून असे तुकडे लिहिले. कुठलेही पुस्तक नसले तरी बडबडगीताची चाल मुलाने एका बोटाने वाजवावी आणि शिक्षकाने खाली दोन आधारस्वर द्यावेत.

मुलांसाठी लिहिलेले थोर संगीत बरेच आहे. रॉबर्ट शूमान यांनी १८४८ मध्ये मोठ्या मुलीच्या, मारीच्या, सातव्या वाढदिवसानिमित्त लिहायला घेतलेल्या तुकड्यांतून ४३ रचनांचा ‘आल्बम फॉर द यंग’ झाला. त्यातले पहिले अठरा धाकट्यांसाठी आहेत. (त्यांचे ‘किंडरझेनेन’ हे बालपणाविषयी मोठ्यांसाठी लिहिलेले आहे, नाव पाहून ते मुलांपुढे ठेवू नये.) चायकोव्हस्की यांचा २४ तुकड्यांचा बालसंग्रह १८७८ चा, भाच्याला अर्पण केलेला. बार्टोक यांच्या ‘मिक्रोकॉस्मोस’मध्ये १५३ तुकडे आणि सहा भाग आहेत, पैकी पहिले दोन मुलगा पेटर याच्यासाठी. जगभर बाखचा म्हणून शिकवला जाणारा जी स्वरातला मिन्युएट बाख यांच्या पत्नीच्या १७२५ च्या वहीत आहे खरा, पण रचना क्रिस्टियान पेट्झोल्ड यांची आहे. या जुन्या रचनांच्या प्रती इंटरनेटवर फुकट मिळतात.

घरच्या सरावाचा विचार सर्वांत गंभीरपणे केला तो शिनिची सुझुकी यांनी. ते मूळचे व्हायोलिनचे. पियानोची शाखा पुढे आली. मूल जशी मातृभाषा ऐकून शिकते तसेच त्याने संगीत शिकावे म्हणून तुकड्याचे ध्वनिमुद्रण रोज कानावर पडायला हवे आणि तासाला आई किंवा वडील सोबत बसायला हवेत, असा त्यांचा आग्रह होता. पाच वर्षांच्या मुलाला घरी दहा ते पंधरा मिनिटे पुरतात, तीही दोन हप्त्यांत. तीन खोडरबरे डाव्या टोकाला ठेवायची. अवघड बार बरोबर आला की एक उजवीकडे जाते, चुकला की सगळी परत. फासा टाकून कितीदा वाजवायचे ते ठरवले तर आईशी वाद होत नाही, कारण सहा हा आकडा फाशाने आणलेला असतो. फोनवरची शिकवणी ॲप्स स्वर बरोबर की चूक ते ओळखतात, मनगट ताठ आहे का हे मात्र त्यांना दिसत नाही.

सुरुवातीला ६१ पट्ट्यांचा की-बोर्ड चालतो, पट्टी हळू किंवा जोरात दाबल्यावर आवाज बदलत असला तर. तो पलंगावर ठेवून वाजवायला देऊ नये. वर्षभरानंतर मात्र जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो लागतो, नाहीतर बोटांना वजन कळत नाही. खरा पियानो असेल तर कोकणपट्टीत पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात, हेही गृहीत धरावे. मुलाच्या बोटाला दोष देण्याआधी पट्टी पाहावी.

परीक्षा भारतात मुख्यतः दोन ब्रिटिश मंडळांच्या चालतात. ट्रिनिटी कॉलेजने त्या १८७७ मध्ये सुरू केल्या, असोसिएटेड बोर्डची स्थापना १८८९ ची. दोन्हींत पहिल्या ग्रेडच्या खालीही एक पायरी आहे. पालकांना प्रमाणपत्राची घाई असते आणि मग वर्षभर तेच तीन तुकडे घोटले जातात. वर्षाअखेरीस मुलाला चौथा वाचता येत नाही. असोसिएटेड बोर्डच्या पहिल्या ग्रेडच्या समोरासमोरच्या परीक्षेत कानाच्या चाचण्याही असतात. परीक्षक वाजवताना ठेका धरून टाळ्या देणे, चाल दोनाची की तीनाची हे सांगणे, छोटी ओळ ऐकून गाऊन दाखवणे, बदललेला स्वर ओळखणे. दादऱ्यावर डोललेल्या आणि प्रश्नाला काळ्या पट्ट्यांवर उत्तर दिलेल्या मुलाला त्यांची वेगळी तयारी फारशी करावी लागत नाही.